ज्ञानदानाला अभयदानाची जोड

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपला धाराशिव जिल्हा ही श्रमणसंस्कृतीची पुण्यभूमी आहे. धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन कनकामर मुनींनी आपल्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात केले. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे देशभूषण आणि कुलभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. अशा भूमीत आपला न्यास पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करीत आहे, ही आपणा सर्वांना धन्यतेची गोष्ट आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानली. दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने कवी पोन्नाच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून घेऊन वाटल्या. ग्रंथ छापण्याची सोय नव्हती, त्या काळातील हे शास्त्रदान! न्यासाने सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्यार्थ्यांना टॅब देण्याचा जो संकल्प केला आहे, तो त्याच परंपरेतील आहे. त्याचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो.

मात्र पोथी आणि टॅब यांत एक मूलभूत भेद आहे. पोथी वाचणाऱ्याकडे पाहत नाही. कोणते पान किती वेळा उलटले, कोठे वाचक अडखळला, रात्री किती वाजता दिवा मालवला, याची नोंद पोथी ठेवीत नाही. टॅब ती ठेवतो, आणि ज्या खात्याने तो उघडलेला असतो त्या खात्याच्या नावावर ठेवतो. म्हणून टॅब कोणाच्या हाती द्यायचा या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या खात्याने सुरू करायचा हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वितरणाच्या सोहळ्यात हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली, हे आपण जाणताच. त्या चौकोनाची एक थोरवी अशी की, तो पाहण्यासाठी मुलाला स्वतःची ओळख द्यावी लागत नाही. घरातील कोणाचाही मोबाईल समोर धरला की धडा उघडतो. 'दीक्षा'वरील पुष्कळसे साहित्यही नाव न नोंदवता पाहता येते. यावरून पहिला नियम निघतो. जेथे खात्यावाचून काम भागते, तेथे खाते उघडू नये. हा अपरिग्रहच आहे. अनावश्यक वस्तूंचा संचय जसा त्याज्य, तसाच मुलांच्या अनावश्यक माहितीचा संचयही त्याज्य मानला पाहिजे.

परंतु गृहपाठ पाठवणे, शिक्षकांनी तो तपासून परत देणे, आपली टिपणे जपून ठेवणे यांसाठी खाते लागतेच. मग सोयीच्या तीन वाटा समोर येतात. पहिली, वडिलांच्या मोबाईलवरील खातेच टॅबवर घालायचे. तसे केले की वडिलांचे संपर्क, छायाचित्रे, पत्रव्यवहार, क्वचित खरेदीसाठी जोडलेले बँकेचे कार्डही मुलाच्या हाती येते. आणि वडील जे व्हिडिओ पाहतात त्यांच्या जातीचे व्हिडिओ मुलासमोर येऊ लागतात. दुसरी वाट, साऱ्या वर्गाला एकच खाते. एकाने पुसले की सर्वांचे पुसले जाते, एकाने काही अनुचित शोधले तर दोष कोणाचा हे कळत नाही, आणि सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड हा पासवर्डच राहत नाही. तिसरी वाट, मुलाची जन्मतारीख पाच-सात वर्षे मागे नेऊन त्याला प्रौढ ठरवायचे. ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत प्रचलित. पण तसे केल्याने मुलांसाठी असलेली संरक्षणे आपोआप गळून पडतात. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे सांगितले आहे. मुलाच्या आयुष्यातील पहिल्या खात्याचा पहिलाच रकाना असत्याने भरायचा काय, याचा विचार आपण करावा.

योग्य वाट थोडी कष्टाची आहे. शाळेच्या नावाने शैक्षणिक खात्यांची व्यवस्था उभी करता येते. गुगलसारख्या संस्था पात्र शाळांना ती मूलभूत स्वरूपात विनामूल्य देतात. तीत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते मिळते, कोणत्या सेवा खुल्या ठेवायच्या हे शाळा ठरवते, आणि मूल पासवर्ड विसरले तर शाळेचा व्यवस्थापक तो बदलून देऊ शकतो. ज्यांना घरीच खाते उघडायचे आहे त्यांनी तेरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या देखरेखीची 'फॅमिली लिंक' ही सोय वापरावी.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी महिनोन्‌महिने गाव सोडून जातात. सिमकार्ड बदलते, जुना क्रमांक बंद पडतो आणि काही काळाने तो दुसऱ्याच कोणाला दिला जातो. खाते त्या जुन्या क्रमांकाशी जोडलेले असेल तर सहा अंकी ओटीपी परक्याच्या मोबाईलवर जाईल आणि मूल आपल्याच वहीबाहेर उभे राहील. म्हणून क्रमांक घरातील स्थिर व्यक्तीचा असावा, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी तो पडताळून पाहावा. पासवर्ड टॅबच्या मागे चिकटवू नये. कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड सर्व वर्गाला देणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगणे होय. खात्याच्या पत्त्यात मुलाचे जन्मवर्ष वा गाव घालू नये. मुलींच्या खात्यावर स्वतःचे छायाचित्र लावण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये.

या सर्व कामाला वेळ लागेल. एका विद्यार्थ्यामागे वीस मिनिटे धरली, तरी तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला दहा तास लागतात. तेवढे तास देण्यास आपल्या समाजातील संगणक शिकलेल्या तरुणांनी पुढे यावे. महोत्सवाच्या मंडपासाठी जी सेवा आपण आनंदाने करतो, तिच्याच तोलाची ही सेवा आहे. वितरण पंधरा दिवस लांबले तरी चालेल, पण पालकांना समोर बसवून, समजावून, त्यांची लेखी संमती घेऊनच खाते उघडावे.

संमतीचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला त्याने बालक मानले आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचे तत्त्व घालून दिले. आणि ही भीती काल्पनिक नाही. त्याच २०२३ च्या जानेवारीत, 'दीक्षा'वरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित राहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. देशपातळीवरील यंत्रणेत असे घडू शकते, तर आपल्या छोट्या संस्थेने किती सावध असावे!

आणखी एक गोष्ट विश्वस्तांच्या सेवेत नम्रपणे मांडतो. खाते शाळेचे असल्यामुळे मुलांचे सर्व काही पाहण्याची शक्ती संस्थेकडे येते. ती शक्ती संयमानेच वापरली पाहिजे. कोणाच्या एकांतातील गोष्ट उघड करण्याला आपल्या शास्त्रकारांनी 'रहोभ्याख्यान' म्हटले आणि तोही सत्याणुव्रताचाच अतिचार मानला. व्यवस्थापकाचे अधिकार दोनच व्यक्तींकडे असावेत, त्यांनी केव्हा व कशासाठी खाते उघडले याची नोंदवही असावी, आणि कोणत्या कारणाने पाहिले जाईल हे मुलांना आधीच सांगितलेले असावे. देखरेख आणि पाळत यांतील अंतर मुलांना बरोबर कळते. पाळतीत वाढलेले मूल लपवायला शिकते, आणि फसवले गेल्यावर ते घरीही सांगत नाही. मुलांनी निर्भयपणे सांगावे. फसवणूक झाल्यास १९३० आणि संकटात १०९८ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेले असावेत.

शेवटचा मुद्दा निरोपाचा. दहावीनंतर मूल शाळा सोडते, तेव्हा खाते बंद होते. त्यातील निबंध, चित्रे, प्रयोगांच्या नोंदी यांचे काय? सत्याणुव्रताचा 'न्यासापहार' नावाचा अतिचार आठवा. ठेव ठेवणारा आपली ठेव किती होती हे विसरला आणि त्याने कमी मागितले, तर 'हो, तेवढीच होती' असे म्हणून तेवढीच परत देणे, हा तो दोष. मुलांना आपण काय काय साठवले ते आठवणार नाही. ती मागणारही नाहीत. तरीही खाते बंद करण्याआधी पुरेशी मुदत देऊन, ते सर्व त्यांच्या स्वाधीन करून, नंतरच आपल्याकडील प्रत पुसून टाकणे हे आपले कर्तव्य आहे.

'न्यास' या शब्दाचा मूळ अर्थच विश्वासाने सोपवलेली ठेव असा आहे. गेली पन्नास वर्षे समाजाने आपले द्रव्य या संस्थेकडे सोपवले आणि तिने त्याचा चोख हिशेब ठेवला. आता पालक आपल्या लेकरांची ओळख सोपवीत आहेत. द्रव्याच्या हिशेबाइतकाच तिचाही हिशेब चोख राहो. टॅब हे ज्ञानदान आहे. त्यावरील सुरक्षित, खरे आणि स्वतःचे खाते हे अभयदान आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ही दोन्ही दाने एकत्र घडावीत, अशी मंगल कामना व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!