डोकीं मोजावीं कीं गाई?

(डेन्मार्क देशांतील गांवसभा व नगरसभांच्या निवडणुका, ह्या विषयावर शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आज मी आपणांस एका लहानशा देशाची हकीकत सांगणार आहें. त्या देशाचें नांव डेन्मार्क. युरोपच्या उत्तरेस समुद्रांत शिरलेला एक जमिनीचा पट्टा आणि त्याच्या शेजारचीं बेटें, एवढाच त्याचा विस्तार. सगळ्या देशाची वस्ती सुमारें ६० लाख. म्हणजे आपल्या एकट्या पुणें जिल्ह्याहूनहि कमी. गादीवर राजा आहे, पण कारभार लोकांचा आहे. दूध, लोणी आणि डुकराचें मांस ह्यांच्या जोरावर ह्या देशानें जगांत नांव मिळविलें, म्हणजे शेतकऱ्याच्या घामावरच मिळविलें. अशा देशांत गांवचा गाडा कोण हांकतो, आणि हांकणाराला त्या जागीं कोण बसवितो, हें आपण ऐकण्यासारखें आहे. कारण तेथील शेतकऱ्याला हा हक्क कोणीं ताटांत वाढून दिलेला नाहीं.

तेथें गांवच्या व शहरच्या कारभारसंस्थेला एकच नांव आहे, कोमून. देशांत अशा ९८ कोमुनी आहेत. मुलांची शाळा, तान्ह्यांचें पाळणाघर, म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा, रस्ते, वाचनालय, हें सर्व कोमूनच पाहते. त्यासाठीं ती लोकांच्या उत्पन्नावर स्वतःचा कर बसविते, आणि तो सरासरी शेंकडा २५ च्या आसपास पडतो. ज्या सभेच्या हातीं आपल्या मिळकतीचा चौथा हिस्सा आणि आपल्या लेंकरांची शाळा आहे, त्या सभेंत कोण बसतो हा कांहीं करमणुकीचा प्रश्न नव्हे.

आतां मागची गोष्ट ऐका. डेन्मार्कच्या खेड्यांना १८४१ सालीं गांवसभा मिळाल्या. नांव गांवसभा, पण सत्ता कोणाची? १८६७ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, गांवांतील मतदारांपैकीं जे एकपंचमांश लोक सर्वांत जास्त कर भरतात, त्यांनींच सभेंतील निम्म्याहून अधिक सभासद निवडावे. समजा, गांवांत शंभर मतदार आहेत. त्यांतील वीस बड्या असामींच्या हातीं सभेचें बहुमत कायमचें बांधून दिलें. उरलेल्या ऐंशीं जणांनीं कितीहि एकी केली, तरी सभा त्यांच्या हातीं येणें शक्य नव्हतें. आणि हे ऐंशीं तरी कोण? ते सारे पुरुष आणि स्वतःचें घर असलेले. बायकांना मत नव्हतें. दुसऱ्याच्या घरीं राहून राबणाऱ्या गड्याला व मोलकरणीला मत नव्हतें. दुष्काळांत किंवा आजारांत ज्यानें गांवाकडून गरिबीची मदत घेतली, त्यालाहि मत नव्हतें. म्हणजे गांवाचें ओझें ज्यांच्या पाठीवर होतें, त्यांना गांवाच्या कारभारांत तोंड नव्हतें.

परंतु ह्याच काळांत त्या शेतकऱ्यांनीं दुसरी एक गोष्ट केली. १८८२ सालीं जटलंडच्या पश्चिम भागांत येडिंग नांवाच्या खेड्यांत कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून सहकारी दूधडेरी काढली. ती पाहून गांवोगांव डेऱ्या निघाल्या, आणि वीस वर्षांच्या आंत त्यांची संख्या हजारावर गेली. ज्याचें दूध जास्त, त्याला पैसे जास्त, हें उघड न्यायाचें. पण सभेंत हात वर करण्याची वेळ आली म्हणजे काय? चाळीस गाईंच्या मालकाला चाळीस मतें आणि दोन गाईंच्या मालकाला दोन, असें करावें काय? बहुतेक डेऱ्यांनीं ठरविलें कीं, नाहीं. मत डोक्यामागें, गाईमागें नव्हे. हें वाक्य त्या देशांत म्हणीसारखें झालें.

आतां मनांत चित्र आणा. सकाळीं डेरीच्या सभेंत दोन गाईंचा मालक आणि चाळीस गाईंचा मालक मांडीला मांडी लावून बसत, आणि दोघांचें मत सारखें धरीत. दुपारीं तेच दोघे गांवसभेच्या निवडणुकीस जात, आणि तेथें एकाचें मत सोन्याचें तर दुसऱ्याचें मातीचें! जो माणूस हिशेब पाहूं शकतो, लोण्याची प्रत राखूं शकतो, परदेशच्या बाजाराशीं व्यवहार करूं शकतो, त्याला गांवच्या शाळेचा व रस्त्याचा कारभार मात्र कळत नाहीं, असें कोणत्या तोंडानें सांगावें? ज्यांनीं आपल्या घरच्या संस्थेंत डोकीं मोजावयास शिकून घेतलें, त्यांना सरकारी सभेंत गाई मोजणें फार दिवस सोसवणारें नव्हतें.

१९०१ सालीं शेतकऱ्यांच्या पक्षाकडे राज्याचा कारभार आला. १९०५ पासून मुख्य प्रधान होता जे. सी. क्रिस्टेन्सेन, शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला, खेड्यांतला शाळामास्तर. त्याच्या कारकीर्दींत १९०८ सालीं कायदा झाला, आणि बड्या कर भरणारांचा खास हक्क गेला. पंचवीस वर्षांवरील कर भरणाऱ्या सर्वांना सारखें मत मिळालें. बायकांना मिळालें, घरगड्यांना व मोलकरणींना मिळालें. नवरा कर भरीत असेल तर त्याच्या बायकोलाहि मिळालें. १२ मार्च १९०९ रोजीं ह्या कायद्यानें पहिली निवडणूक झाली. ध्यानांत घ्या, देशाच्या कायदेमंडळासाठीं बायकांना मत मिळालें तें १९१५ सालीं. मुळाला पाणी आधीं पोंचलें, शेंड्याला मागाहून.

पण कायदा होतांच सगळें झालें असें समजूं नका. त्या पहिल्या निवडणुकींत देशभर दहा हजारांच्या जवळपास सभासद निवडून आले. त्यांत बायका १२७! शहरांत तर नगराध्यक्षाला राजाच नेमीत असे. ती रीत १९१९ सालीं सुटली आणि नगरसभा आपला अध्यक्ष आपणच निवडूं लागली. एका बाईला नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसावयास आणखी एकतीस वर्षें लागलीं. १९५० सालीं मोन बेटावरील स्टेगे गांवीं एव्हा मॅडसन ही पहिली बाई त्या जागेवर निवडली गेली. २०२१ च्या निवडणुकींत सभासदांत बायका तिसऱ्या हिश्शाहून अधिक झाल्या; पण अध्यक्षाच्या खुर्च्यांवर पांचांत एकीच्या आसपासच. मत मिळणें निराळें आणि खुर्ची मिळणें निराळें.

हल्लींची रीत अशी. दर चार वर्षांनीं नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारीं सर्व कोमुनींत एकाच दिवशीं मतदान होतें. वय अठरा पुरें झालें म्हणजे झालें. नांव नोंदविण्यासाठीं कचेरीचे उंबरे झिजवावे लागत नाहींत; वस्तीच्या नोंदींतून यादी आपोआप होते आणि मताचें कार्ड घरपोंच येतें. तेथें कायदेशीर वस्ती करून ठराविक वर्षें सलग राहिलेल्या परदेशी माणसालाहि १९८१ पासून कोमूनच्या निवडणुकींत मत आहे. पोटापाण्यासाठीं तिकडे गेलेला आपला एखादा मराठी माणूस देशाच्या कायदेमंडळासाठीं मत देऊं शकत नाहीं, पण आपल्या मुलाच्या शाळेचा कारभार कोणीं पाहावा हें सांगूं शकतो. जो राहतो, राबतो आणि कर देतो, त्याचा गांवावर हक्क, हें तत्त्व त्यांत आहे.

सभासदांची संख्या विषम असते. लेसो नांवाच्या बेटावर दोन हजारांहूनहि कमी वस्ती, तेथें ९ सभासद; कोपनहेगन राजधानींत ५५. जागा मतांच्या प्रमाणांत वांटल्या जातात. ज्या यादीला तिसरा हिस्सा मतें, तिला सुमारें तिसरा हिस्सा जागा. त्यामुळें थोडे असलेल्यांचाहि एखादा माणूस सभेंत बसतो.

आणि अध्यक्ष? त्याला लोक थेट निवडीत नाहींत. निवडून आलेले सभासद आपसांत बहुमतानें निवडतात. येथें खरी मेख आहे. मतमोजणीच्या रात्रींच पक्षांचे पुढारी एका खोलींत बसतात आणि खुर्च्यांचे करार होतात. कोपनहेगनला २०२१ सालीं आणि पुन्हां २०२५ सालीं सर्वांत जास्त मतें एका पक्षाला पडलीं आणि अध्यक्षपद दुसऱ्याला गेलें. १९३८ पासून तें पद सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे होतें. २०२१ सालीं करारांच्या बळावर त्यानें तें राखलें; २०२५ सालीं मात्र तें त्याच्या हातून सुटून समाजवादी लोकपक्षाच्या सिसे मारी वेलिंग बाईंकडे गेलें. ह्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. अनेक पक्ष असले म्हणजे जुळवाजुळव आलीच. पण मत टाकून घरीं जाऊन झोंपणाऱ्यानें इतकें ओळखावें कीं, निकाल पेटींत अर्धा असतो. उरलेला अर्धा त्या खोलींत ठरतो. आपला सभासद त्या खोलींत कोणाच्या बाजूस बसेल, हें मत देण्याआधींच त्याला विचारलें पाहिजे.

दुसरीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७० पूर्वीं तेथें हजारावर लहान कोमुनी होत्या. त्या वर्षीं त्या मोडून पावणेतीनशेंच्या आसपास केल्या, आणि २००७ सालीं ९८. खर्च वांचावा, मोठीं कामें नीट व्हावीं, हा त्यांतला हेतु. परंतु १९०९ सालीं जेथें दहा हजारांच्या घरांत सभासद होते, तेथें आतां सुमारें २,४०० आहेत. पूर्वीं सभासद शेजारच्या शेतांत नांगर धरतांना भेटे. आतां त्याला गांठण्यास दुसऱ्या गांवीं जावें लागतें. आणि २०२१ सालीं शंभरांतले सुमारें ६७ च मतदार मतास आले. ज्या हक्कासाठीं आजोबा झगडले, त्या हक्काच्या दिवशीं तिघांतला एक नातू घरीं बसला.

बंधूंनो, बहिणींनो, त्या देशाच्या हकीकतींतून मला एवढेंच दिसतें. तेथल्या गरीब शेतकऱ्यानें समान मताचा धडा राजवाड्यांत घेतला नाहीं. दुधाच्या घागरीपाशीं घेतला. आपल्या हातच्या लहान संस्थेंत त्यानें आधीं न्यायानें वागून दाखविलें, आणि मग मोठ्या सभेकडे तोच न्याय मागितला. म्हणून आपली पतपेढी असो, दूधसंघ असो, सुतार-लोहारांची मंडळी असो, तिच्या सभेस जा, हिशेब मागा, हात वर करा, आणि घरच्या बायकांनाहि बरोबर न्या. जो घरच्या सभेंत मुका, तो गांवच्या सभेंत बोलका होणार नाहीं.