वैद्यकीय उपकरणांतील प्लास्टिकचे जोड

इंदूर जिल्ह्यातील हातोदच्या दक्षिणेस पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, तर उत्तरेस उज्जैन. केंद्र शासनाच्या २०२० च्या वैद्यकीय उपकरण उद्यान योजनेत मध्य प्रदेशातून उज्जैनची निवड झाली. अशा उद्योगाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांनी एक लहानशी वाटणारी बाब आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

इंजेक्शनच्या सुईची पोलादी नळी पॉलिप्रॉपिलीनच्या बुडात चिकटद्रव्याने बसविलेली असते. हा जोड सुटला तर सुई रुग्णाच्या शरीरात राहण्याचा धोका असतो. जोड सुटला की दोष चिकटद्रव्याला दिला जातो. पण पुष्कळदा तो पृष्ठभागाच्या अपुऱ्या तयारीचा असतो.

प्लास्टिक चिकटत का नाही?

अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. पॉलिप्रॉपिलीनवर चिकटद्रव्याची गत काहीशी तशीच होते. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाईन आहे. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा त्याच मापाने जेमतेम ३० भरते. द्रव पसरल्याशिवाय पकड येत नाही. म्हणून ही ऊर्जा वाढवावी लागते.

तयारीचे टप्पे

प्रथम स्वच्छता. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून फवारलेले सिलिकोन, तसेच हाताचा तेलकटपणा, जोडाचे वैरी होत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भाग पुसावा. त्यानंतर उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. पुढे ज्योत, कोरोना विद्युत्‌विसर्ग किंवा प्लाझ्मा यांनी पृष्ठभागावर प्राणवायुयुक्त रासायनिक गट निर्माण केले जातात व चिकटद्रव्य पसरू लागते. मात्र हा गुण कालांतराने ओसरतो; म्हणून प्रक्रियेनंतर जोडणी शक्य तितक्या लवकर उरकावी.

सर्व प्लास्टिकांना एकच उपाय लागू पडत नाही. सलाईनच्या पीव्हीसी नळ्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकाने जोडता येतात. पॉलिकार्बोनेटला मात्र अयोग्य द्रावकाने तडे जातात.

परीक्षा

ठराविक पृष्ठताणाच्या शाईची रेघ अखंड राहिली तर पृष्ठभाग तयार समजावा. तिचे थेंब झाले तर प्रक्रिया पुन्हा करावी. जोड ओढून पाहण्याची चाचणी निर्जंतुकीकरणानंतरही घ्यावी. कारण इथिलीन ऑक्साइड वा गॅमा किरणांचा परिणाम जोडावर होऊ शकतो.

रुग्णाला हा जोड दिसत नाही. तो केवळ विश्वास ठेवतो. त्या विश्वासाची राखण कारखान्यातील स्वच्छ हातांवर अवलंबून आहे.