गडावर ड्रोन व कॅमेरा नेण्याची सॅक

सह्याद्रीच्या गडांवर जाणाऱ्या तरुणांच्या पाठीवर अलीकडे एक नवें ओझें आलें आहे. पूर्वी वळकटी, भाकरीचें फडकें व पाण्याची पिशवी एवढ्यावर भागत असे. आतां कॅमेरा आला, त्याचीं दोन-तीन भिंगें आलीं, आणि त्यांच्या जोडीला ड्रोन नांवाचें उडतें यंत्र आलें. माझे कांहीं जुने विद्यार्थी हें सारें घेऊन राजगड-तोरण्याच्या वाटेला लागतात, व निघण्यापूर्वीं मला विचारतात, "सर, सॅक कोणती घेऊं?" मी त्यांना उलट विचारतों, "पाणी किती नेणार?"

हा प्रश्न अवांतर नव्हे. कॅमेऱ्यासाठीं म्हणून बाजारांत ज्या सॅक मिळतात, त्यांतील पुष्कळांची रचना यंत्र हाच काय तो प्रवासी आहे अशा समजुतीनें केलेली असते. आंत मऊ अस्तराचे चौकोनी कप्पे, प्रत्येक वस्तूला तिचें घर. पाहून मन प्रसन्न होतें. परंतु तींत तीन लिटर पाणी, डबा, एक जादा कपडा, विजेरी व मलमपट्टीचें सामान ठेवूं म्हटलें तर जागा उरत नाहीं. मग कांहीं तरी गाळावें लागतें, आणि माणूस भिंग गाळीत नाहीं, पाणी गाळतो. चैत्र-वैशाखांत कातळ तापलेला असतो, गडावरचीं कित्येक टाकीं आटलेलीं असतात. त्या वेळीं ही काटकसर जिवावर बेतूं शकते.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा. लहान जातीचा ड्रोन स्वतः २४९ ग्रॅमचाच असतो, पण त्याच्या जादा बॅटऱ्या, हातांतील नियंत्रक व पेटी धरून वजन एक किलोच्या घरांत जातें. कॅमेरा व दोन भिंगें, अडीच किलो. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. येथें घासाघीस नाहीं. अन्न, कपडा व किरकोळ सामान दोन किलो. रिकामी सॅक दीड किलो. बेरीज दहा किलो झाली. निरोगी माणसानें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक ओझें दिवसभर वाहूं नये असा सर्वसाधारण संकेत आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलाची मर्यादा येथेंच संपली. त्यावर दीड किलोची तिपाई घ्यावयाची असेल तर दुसरें भिंग घरीं ठेवावें, अथवा सोबत्याशीं ओझें वांटून घ्यावें.

आतां हें दहा किलो शरीरावर कोठें पडतें, तें पाहूं. तरफेचा नियम आपण शाळेंत शिकलेले आहांत. भार टेकूपासून जितका दूर, तितकी त्याची ओढ अधिक. कॅमेऱ्याची जड पेटी सॅकच्या बाहेरच्या अंगाला असली कीं ती खांद्यांना मागें खेंचते. तोल सांवरण्यासाठीं माणूस पुढें वांकतो, व संध्याकाळीं मान धरते. तेंच वजन पाठीला चिकटून, दोन्ही खवाट्यांच्या मध्यें असलें तर निम्मा त्रास कमी होतो. डोईवर दोन घागरी घेऊन येणारी खेड्यांतील बाई ताठ चालते, कारण तिचें ओझें शरीराच्या उभ्या रेषेंत असतें.

दुसरी गोष्ट कंबरपट्ट्याची. खांदे ओझें वाहण्यासाठीं नाहींत. त्यांनीं तें सांवरावयाचें असतें. वजनाचा मोठा भाग कमरेच्या हाडांवर व तेथून पायांवर उतरला पाहिजे. त्यासाठीं पट्टा रुंद, भरीव व हाडावर बसणारा हवा. नुसती कापडी फीत असेल तर ती शोभेची समजावी. सॅकचें माप अंगाच्या उंचीवरून ठरत नाहीं, पाठीच्या लांबीवरून ठरतें. मान खालीं घातली असतां मानेच्या बुडाशीं जें हाड वर येतें, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत फीत धरून मोजावें. सारख्या उंचीच्या दोन भावांचीं हीं मापें निराळीं निघूं शकतात. म्हणून एकाची सॅक पाहून दुसऱ्यानें घरबसल्या मागवूं नये. दुकानांत आपलें सामान घेऊन जावें, सॅक भरावी, प्रथम कंबरपट्टा, मग खांद्यांचे पट्टे व शेवटीं छातीचा पट्टा आंवळावा, आणि पंधरा मिनिटें जिना चढउतार करावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळूं द्यावा.

माझें मत विचाराल तर एका दिवसाच्या गडासाठीं ३५ ते ४० लिटरची, खऱ्या डोंगरभटक्याची सॅक घ्यावी, आणि कॅमेरा-ड्रोनसाठीं अस्तराची सुटी पेटी आंत बसवावी. पाठीच्या बाजूनें उघडणारी सॅक मिळाली तर उत्तम. ती चिखलांत ठेवली तरी पाठीला लागणारे पट्टे वर राहतात, व लोकलच्या गर्दींत मागच्याचा हात आंत जात नाहीं. ड्रोन उडविण्यापूर्वीं सपाट जागा शोधून बसावें लागतेंच, म्हणून तो खोल असला तरी चालतो. कॅमेरा मात्र क्षणांत हातीं यावा. त्याची जागा वरच्या तोंडाशीं किंवा बाजूच्या चेनीजवळ. खाऊ बाहेरच्या खिशांत ठेवूं नये. अनेक गडांवरचीं माकडें चेन उघडण्यांत आपल्याहून तरबेज असतात.

सॅकची रुंदी खांद्यांच्या आंत असावी. नाशिक जिल्ह्यांतील हरिहरच्या उभ्या, कातळांत कोरलेल्या पायऱ्या चढतांना दोन्ही हात खोबणींत घालावे लागतात. तेथें आडवी बांधलेली तिपाई कातळाला अडकली तर माणूस मागें फेंकला जातो. तिपाई उभी, अंगाला घट्ट बांधावी, आणि गळ्यांतला कॅमेरा तेवढ्यापुरता आंत ठेवावा.

पावसाळ्यांत "वॉटरप्रूफ" या शब्दावर फारसा विश्वास ठेवूं नये. कापडांतून पाणी आलें नाहीं तरी शिवणींतून व चेनींतून येतें. वरचें रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडी ठेवतें, आणि पाठीवरून ओघळणारें पाणी तेथूनच शिरतें. म्हणून पेटी जाड प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तोंड गुंडाळून बांधावें.

बॅटऱ्यांचीं टोकें झांकलेलीं असावींत. किल्ल्या व नाण्यांच्या खिशांत त्या टाकूं नयेत. फुगलेली बॅटरी बरोबर नेऊंच नये. विमानानें जाणें झालें तर सुट्या बॅटऱ्या हातच्या सामानांतच न्याव्या लागतात, तेव्हां त्यांची थैली सॅकमधून चटकन निघेल अशी असावी.

आणि ड्रोन न्यावा कीं नाहीं, हें आधीं ठरवावें. बरेचसे गड केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा मुलूख अभयारण्य आहे. २०२५ सालीं युनेस्कोनें ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलें, त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी व साल्हेर आहेत. अशा ठिकाणीं परवानगीवांचून यंत्र उडवूं नये. परवानगी हातीं नसेल तर तो एक किलो घरीं ठेवून त्या जागीं आणखी एक लिटर पाणी घ्यावें.

परत आल्यावर कॅमेरा ओल्या सॅकमध्यें तसाच ठेवूं नये, भिंगाला बुरशी धरते. सॅक उलटी करून सांवलींत वाळवावी, आणि चेनींतली माती दांतांच्या जुन्या ब्रशानें काढून टाकावी.