घराजवळचं मैदान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं आणि जासई मागे पडली, की दोन्ही अंगांना कंटेनरच कंटेनर दिसू लागतात. पुढे बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे या गावांना लागून सिडकोनं वसवलेलं द्रोणागिरी आहे. जुन्या माणसाला द्रोणागिरी म्हटलं की डोंगर आणि त्यावरचा किल्ला आठवतो. नव्या माणसाला सेक्टर नंबर आठवतो. मी या भागात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे मला दोन्ही आठवतात. पण आज बोलायचं आहे ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल. संध्याकाळी पोरं खेळतात कुठे?

आमच्या आगरी गावांत पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भाताची कापणी-मळणी उरकली, की शेतं मोकळी. डिसेंबरात धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि राखेनं रेषा आखायच्या, की झालं कबड्डीचं मैदान. प्रेक्षक बांधावर. कबड्डीला लागतं तरी काय? लॉबीसकट तेरा मीटर बाय दहा मीटर जागा. बायकांच्या खेळाला बारा बाय आठ. बॅट नको, जाळी नको, बूटही नकोत. म्हणून तर रायगडात गावोगाव कबड्डीचं मंडळ निघालं. शेत कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती. ज्याचं होतं, तोच बहुधा चढाईला उभा असायचा!

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली. त्याची कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. ज्याची जमीन गेली, त्याच्या नावानं हिशेब झाला. तो किती जणांना वेळेवर मिळाला, तो विषय निराळा. पण खेळाचं मैदान कुणाच्याच नावावर नव्हतं. सातबाऱ्यावर ते भातशेत होतं. वर्षातले चार महिने तिथं सारं गाव खेळत असे, याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? त्यामुळे त्याची भरपाई मागायलाही कुणी गेलं नाही.

नव्या शहराच्या नकाशात मैदानं असतात, हे मान्य. हिरव्या रंगानं दाखवलेली असतात. मात्र नकाशातली जागा जागच्या जागी राहीलच, असं नाही. आपल्याच नवी मुंबईतल्या घणसोलीचं पाहा. तिथं २००३ साली शासकीय क्रीडा संकुलासाठी सुमारे २० एकर जमीन राखून ठेवली होती. २०१६ साली तिच्यातला भाग बांधकामासाठी खासगी विकासकाला देण्यात आला आणि २०२१ साली संकुल माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथं नेण्याचं ठरलं. अंतर साधारण ११५ किलोमीटर. शाळा सुटल्यावर तिथं खेळायला जाऊन जेवायच्या वेळेला घरी येणारं पोर मला तरी कुणी दाखवावं. वास्तुरचनाकारांच्या संघटनेची नवी मुंबई शाखा कोर्टात गेली. २०२४ साली उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं अंग मोडून हालचाल हवी आणि मोठ्यांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं. रोज म्हणजे रोज. वर्षातून एकदा तीन दिवस होणाऱ्या चषकाच्या सामन्यांनी ते भागत नाही. त्या सामन्यांत बारा जण निवडले जातात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. मीही नोकरीत हेच केलं. उंच, चपळ मुलं वेचून घेतली आणि उरलेल्यांना रेषेबाहेर बसवलं. ते आता सलतं.

निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जणांनी द्रोणागिरीतल्या एका मोकळ्या जागेवर संध्याकाळचा खेळ सुरू केला. नियम एकच, आलेल्याला खेळायला घ्यायचं. भरावाची जागा, वर सगळा मुरूम. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे गुडघे सोलले. मग दोन ट्रॉली माती आणली, चाळली, पाणी मारून बसवली. पोरं २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी बघत आलेली, त्यांना मॅट हवी होती. मी म्हटलं, १९९० साली बीजिंगला सुवर्णपदक आणणारे खेळाडू याच मातीत पडत-झडत शिकले. पटलं नसावं, पण खेळू लागली.

एकदा कुणा मंडपवाल्याचा लोखंडी खिळा जमिनीत राहिला आणि सातवीतल्या एका मुलीच्या टाचेत घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, टाके पडले. तिच्या आईनं मला भररस्त्यात सुनावलं, "सर, तुमच्या भरवशावर पाठवलं होतं हो!" काय बोलणार? तेव्हापासून खेळाआधी सगळ्यांनी हाताच्या अंतरावर एका ओळीत उभं राहायचं आणि खाली बघत मैदान ओलांडायचं. आम्ही त्याला वेचणी म्हणतो. खिळे, काचा, तारेचे तुकडे, सगळं एका डब्यात जमा. पाच मिनिटांचं काम.

तीन महिने ती मुलगी आली नाही. मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की तशाही गळतात. त्यांना आवड नसते, हे खोटं आहे. रस्त्यावर दिवा नसतो, ट्रेलर अंगावरून जातात आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं. म्हणून आम्ही वेळ बदलली. आता मुलींचा खेळ आधी, उजेडात. सूर्य मावळायच्या आत त्या घरी. मग ती परत आली, सोबत आई. आई आधी नुसती कडेला उभी राहायची, मग मैदानाला फेऱ्या घालू लागली. आता आठ-दहा बायका असतात. परवा त्यांतल्या दोघींनी पदर खोचून चढाई केली. एकीला पोरींनी पकडलं, तेव्हा ती अशी काही हसली, की आमचा गुण द्यायचा राहून गेला.

दिव्यासाठी आणि नळासाठी अर्ज दिला आहे. तोवर पावसाळा येईल आणि आणलेली माती वाहून जाईल. ती झाकायला मोठी ताडपत्री लागेल. मासेमारीच्या होड्यांवरची जुनी ताडपत्री करंजाला मिळते म्हणतात, ती बघायला आम्ही रविवारी चाललो आहोत.