कचऱ्याच्या टेकडीवरची बाग
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपल्याला एका बागेची हकीकत सांगणार आहे. इजिप्तच्या राजधानीत, कैरोच्या ऐन गजबजाटात असलेल्या या बागेचे नाव अल-अझहर उद्यान.

जुन्या कैरोच्या पूर्वेस, तटाबाहेर, लोक सुमारे पाचशे वर्षे कचरा आणि राडारोडा टाकत आले. त्याच्या टेकड्या झाल्या. १९८४ साली चौथे आगाखान यांनी शहराला बाग देण्याचे ठरवले आणि पुढे हीच जागा पत्करली. काम सोपे नव्हते. माती खारट, म्हणून तिला मानवतील अशी झाडे मुद्दाम रोपवाटिकेत वाढवावी लागली. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी प्रत्येकी ८० मीटर व्यासाच्या तीन टाक्या तेथेच बांधायच्या होत्या. त्याही बागेच्या पोटात सामावून घेतल्या. अखेर २००५ साली सुमारे ७४ एकरांची ही बाग जनतेला खुली झाली.

ढिगारे उपसताना सुलतान सलाहुद्दीन अय्युबीच्या काळातला, बाराव्या शतकातला तट उघडा पडला. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा! पूर्वजांच्या थोरवीवर आपण व्याख्याने पुष्कळ देतो. तेथे ती थोरवी फावडे चालवल्यावर दिसली.

मला मात्र पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. तटालगत दर्ब अल-अहमर ही गरिबांची दाट वस्ती आहे. तिच्यातल्याच तरुणांना दगडकाम, सुतारकाम शिकवले आणि तटाच्या व जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत त्यांना कामाला लावले. वस्तीतली घरे दुरुस्त झाली, धंद्यासाठी छोटी कर्जे मिळाली. बागेबरोबर वस्तीही सावरू लागली.

पालकहो, आपल्यातल्या अनेकांना वाटते की मुलगा शिकला म्हणजे त्याने हत्यार हाती धरू नये. गवंडीकाम, सुतारकाम ही नापासांची कामे. पण आठशे वर्षांच्या दगडाशेजारी नवा दगड बसवायचा तर माप अचूक हवे, नकाशा वाचता यायला हवा, तो दगड कोणत्या काळचा हेही कळायला हवे. नुसते पुस्तक तेथे पुरत नाही आणि नुसता हातोडाही पुरत नाही. म्हणून दहावीनंतर आपला मुलगा किंवा मुलगी आयटीआयचा अर्ज घेऊन आली, तर तो फाडू नका. आधी तिला काय शिकायचे आहे ते विचारा, आणि मग सही करा.