तुमचे २० सेकंद, ताईंची ८३ मिनिटं

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं थोडीफार नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

कुणी बसमध्ये असेल, कुणी जिममध्ये, कुणी भांडी घासत असेल. भांडी घासत असाल तर फारच छान, कारण आजचा विषय तुमच्या सिंकखालच्या डब्यातलाच आहे. कचरा.

थांबा, एपिसोड बदलू नका! 'ओला-सुका वेगळा करा, पृथ्वी वाचवा' असं लेक्चर मी देणार नाहीये. त्याची चित्रं आपण शाळेतल्या स्पर्धेत काढून झालीत. मला आज पैशाबद्दल बोलायचंय. तुमच्या घरातून रोज सकाळी जो कचरा बाहेर जातो, त्यात पैसा असतो. तो कुणाच्या हातात जातो, आणि कुणाच्या हातात गेला तर शहराचं भलं होतं, एवढाच आजचा प्रश्न.

निमित्त आमच्या सोसायटीचं. मी पुण्यात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मागच्या मीटिंगला एक प्रस्ताव आला. एका खासगी कंपनीला कचरा उचलायचं काम द्यायचं. त्यांचं ॲप आहे, डब्यावर क्यूआर कोड, मुलांना युनिफॉर्म, सगळं चकाचक. आणि आत्ता ज्या दोन ताई ढकलगाडी घेऊन येतात, त्यांना नमस्कार करायचा. येत्या रविवारी त्यावर मतदान आहे. आता ॲपला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही, माझं पोटच त्यावर चालतं. पण नवीन सिस्टिम आणायच्या आधी जुनी कशी चालते ते बघावं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. म्हणून दोन शनिवार मी ताईंच्या मागे मागे फिरलो, आणि थोडा इतिहासही वाचला.

इतिहास पुण्याचाच आहे. कोथरूडमध्ये 'कचरा डेपो' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पूर्वी शहराचा कचरा तिथे पडायचा. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. मग कचरा गेला कुठे? उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. शहराची घाण गावाच्या डोक्यावर. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वास सोसला, विहिरींचं पाणी खराब झालेलं सोसलं, गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. म्हणजे आपण 'फेकला' म्हणतो तेव्हा कचरा नाहीसा होत नाही. तो ज्याचा आवाज कमी, त्याच्या दारात जातो.

दुसरीकडे याच शहरात हजारो बायका कचराकुंड्यांमधून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकत होत्या. बहुतेक जणी दलित समाजातल्या, बऱ्याच जणी दुष्काळी भागातून आलेल्या. शहराला फुकटात रिसायकलिंग मिळत होतं आणि शहर त्यांना चोर म्हणत होतं. १९९३ मध्ये या बायकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव त्यामागे होते. त्यांची सुरुवातीची मागणी काय असेल? ओळखपत्र! 'आम्ही चोर नाही, आम्ही कामगार आहोत' हे लिहिलेला एक कागद. महापालिकेनं त्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे आरोग्य विमाही आला.

मग मोठी उडी. कुंडीत हात घालण्यापेक्षा घराच्या दारातूनच कचरा घेतला तर? त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. संस्थेची मालकी कचरावेचकांचीच. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक तिच्यामार्फत काम करतात.

आता नीट ऐका, मुख्य गोष्ट इथे आहे. पैसा कसा फिरतो ते बघू.

बऱ्याच शहरांत कचऱ्याचं काम ठेकेदाराला देतात आणि त्याला टनामागे पैसे मिळतात. टनामागे! म्हणजे गाडीत जितकं वजन जास्त, तितकं बिल जास्त. पुठ्ठा वेगळा काढला, बाटल्या वेगळ्या काढल्या तर वजन कमी होणार. मग तो का काढेल? ओला कचरा सोसायटीतच जिरला तर त्याचं नुकसानच आहे. आपण त्याला नावं ठेवून उपयोग नाही, पैसे मोजायची रीतच तशी आहे.

'स्वच्छ'मध्ये उलटं आहे. ताईंना दोन ठिकाणांहून पैसे मिळतात. एक, प्रत्येक घराकडून महिन्याचं शुल्क, जे थेट त्यांच्या हातात जातं. दोन, सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून. म्हणजे जितका माल त्या गाडीतून वाचवतील, तितकी त्यांची कमाई. शिल्लक राहिलेलंच महापालिकेच्या गाडीत जातं. उरुळीच्या दिशेनं जाणारं वजन कमी व्हावं यात कुणाचा रोजचा, रोख फायदा असेल, तर तो या ताईंचा. पर्यावरणाचा फायदा, गरीब बाईची कमाई आणि गल्लीतल्या भंगारवाल्याचा धंदा, तिन्ही एकाच दोरीला बांधलेले. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्सेन्टिव्ह बरोबर जागी लावलाय.

आणि ज्ञान? त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये मी बसलो होतो. मला सगळं 'प्लास्टिक' दिसत होतं. ताई मात्र हाताला लागल्या लागल्या सांगायच्या. दुधाची पिशवी इकडे, पाण्याची बाटली तिकडे, शॅम्पूची बाटली तिसरीकडे, वेफर्सचं चमकणारं पाकीट वेगळं, कारण त्याला भाव नाही. मी विचारलं, "ताई, कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "दादा, चुरगाळून आवाज ऐकायचा." मशीन लर्निंगवाल्यांनी हे लिहून घ्या.

आता तुमच्या २० सेकंदांचा हिशोब. समजा एक जोडी २५० घरं करते. समजा प्रत्येक घरानं कचरा मिसळून दिला आणि तो सुटा करायला ताईंना घरामागे फक्त २० सेकंद लागले. २५० गुणिले २०, झाले ५,००० सेकंद. म्हणजे ८३ मिनिटं. रोज! तीही कुजलेल्या भाजीत हात घालून. शिवाय आमटी सांडलेल्या कागदाला भंगारात भाव मिळत नाही. म्हणजे वेळ गेला, पैसाही गेला, आणि जे विकलं गेलं असतं ते डेपोत गेलं. कचरा वेगळा करणं हा पर्यावरणाचा छंद नाहीये मंडळी, तो कुणाच्या तरी पगाराचा भाग आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचं तर विचारूच नका. उघडे पॅड रोज हातानं वेगळे करायचे, ही काय कामाची पद्धत झाली? २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिले. 'तुम्ही बनवता, तुम्हीच सांगा याचं काय करायचं!' पुढे 'लाल ठिपका' मोहीम आली. पॅड कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे तो उघडावा लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही आलं, की असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा आणि पाकिटांची सोय उत्पादकांनी करायची. त्याच नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामील करून घ्यायलाही सांगितलं.

आता दुसरी बाजू. सगळं गोड नाहीये. शुल्क थेट मिळतं म्हणजे ते मागायलाही त्यांनाच जावं लागतं. 'पुढच्या महिन्यात घ्या', 'सुट्टे नाहीत', हे ऐकत चार मजले चढायचे. नियमित नोकरीसारखा ठरलेला पगार नाही. भंगाराचा भाव पडला की कमाई पडते. काचेनं हात कापतात. आणि करार महापालिकेशी असल्यामुळे डोक्यावर टांगती तलवार. २०२० च्या शेवटी करार संपला, तेव्हा काही काळ छोट्या छोट्या मुदतवाढींवर काम चाललं. लॉकडाऊनमध्ये आपण घरात बसून टाळ्या वाजवल्या तेव्हा या बाया दारात येत होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी 'उद्या काम राहील का' हा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

तर मग आमच्या सोसायटीतलं ॲप वाईट का? ॲप वाईट नाही. तक्रार नोंदवायला, ऑनलाइन पैसे द्यायला ॲप चांगलंच. माझा प्रश्न वेगळा आहे. कंपनी आली की सुका कचरा कुणाच्या मालकीचा होणार? आज त्याचे पैसे दोन बायकांच्या घरात जातात, त्यातून मुलांच्या फिया भरल्या जातात. उद्या ते कंपनीच्या खात्यात जाणार, आणि कदाचित याच ताई कमी पगारावर तिथे कामाला लागणार. स्वच्छता तीच राहील, गरिबाचा हिस्सा तेवढा कापला जाईल. मी मीटिंगच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, की ॲप हवं असेल तर मी आणि अजून दोघं मिळून बनवून देतो, फुकट. ताई राहू देत. चार अंगठे आलेत, एक रागावलेला चेहरा. बघू.

तुमच्याकडे 'स्वच्छ' नसेल. नागपूर असेल, नाशिक असेल, सांगली असेल. पण कचरा उचलणारं कुणीतरी असेलच. तीन गोष्टी करा. एक, आज रात्रीच डबे वेगळे करा आणि सुका कचरा कोरडा ठेवा. दुधाची पिशवी एकदा खळबळून वाळवा, तिला भाव आहे. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही. दोन, पॅड आणि डायपर गुंडाळून, लाल ठिपका काढून द्या. घरातल्या पुरुषांनीही हे करायला हरकत नाही, लाल पेन सगळ्यांना धरता येतं. तीन, सोसायटीत, वॉर्डात कचऱ्याचा ठेका द्यायची चर्चा निघाली, की एकच प्रश्न विचारा. वजनावर पैसे देणार आहात का, आणि भंगाराचे पैसे कुणाचे?

तुमच्या भागात काय व्यवस्था आहे ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. आणि हो, महिन्याचं शुल्क बाकी असेल तर आधी ते देऊन टाका. भेटू पुढच्या भागात!