मोजून घ्यावे, परत ठेवावे

(रे रोड येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, आरोग्य, बालसंगोपन यांवर भाषणे पुष्कळ झाली. आज मी एका भाषेविषयी बोलणार आहे. ती कोणी बोलत नाही, पण संगणकाला काम सांगण्यासाठी जगभर लिहिली जाते. तिचे नाव ‘सी’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडवली. अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी असलेले लिनक्स मुख्यत्वे याच भाषेत आहे. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ वाचून कित्येक मुलेमुली ती शिकली.

लग्नकार्याला आपण मंडळाची पातेली नेतो, वहीत नोंद करतो, काम झाले की घासून परत करतो. सीमध्ये संगणकाची स्मृती अशीच मागून घ्यायची व परत करायची असते. कित्येक नव्या भाषांत मागची आवराआवर आपोआप होते. इथे ती आपली आपण करायची.

दुसरी गोष्ट मापाची. शेराच्या भांड्यात दोन शेर दूध ओतले तरी सी आपला हात धरत नाही. वरचे दूध शेजारच्या पिठात जाते. ‘गेट्स’ नावाची एक आज्ञा अशीच माप न विचारता ओतत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर जो ‘मॉरिस वर्म’ पसरला, त्याने शिरकावासाठी ही फटही वापरली. अखेर २०११ च्या प्रमाणातून ती आज्ञा काढून टाकली.

आता माझीच चूक सांगते. १९९४ साली दारुखान्यातील एका लोखंडाच्या पेढीचा हिशेब मी सीमध्ये लिहून दिला. एप्रिल ते मार्च अशी बारा महिन्यांची बारा घरे केली. सीमध्ये घरांची मोजणी शून्यापासून होते. शेवटचे घर अकरावे. मी एकपासून बारापर्यंत भरत गेले. अकरा महिने काहीच बिघडले नाही. मार्चची रक्कम मात्र पलीकडच्या घरात, म्हणजे शिल्लक रकमेवर, जाऊन बसली. तिजोरीत पैसे जास्त हवे होते की कमी, कोणालाच कळेना. संशय आला तो वृद्ध मेहताजींवर. दोन रात्री जागून मला चूक सापडली. मी सर्वांसमोर ती कबूल केली. मेहताजी एवढेच म्हणाले, “ताई, आम्ही बेरीज दोनदा करतो.”

ते वाक्य मी विसरले नाही. आजची पद्धत तरी दुसरे काय सांगते? कंपायलरने दिलेला प्रत्येक इशारा वाचावा. ‘ॲड्रेस सॅनिटायझर’सारखे साधन लावून कार्यक्रम चालवून पाहावा, घराबाहेर पडलेला हात ते तिथल्या तिथे दाखवते. पहिल्या व शेवटच्या घराची चाचणी आधी लिहावी. आणि आपले लिखाण दुसऱ्याला वाचायला द्यावे. लिनक्समध्ये २०२२ पासून ‘रस्ट’ या अधिक सावध भाषेलाही जागा मिळाली आहे. तरीही सीमध्ये लिहिलेले अफाट काम सांभाळायला माणसे लागणारच.

भगिनींनो, ती माणसे आपल्या मुली का असू नयेत? मोजून घेणे, परत ठेवणे आणि चुकले तर सांगणे हे त्यांना घरातच शिकायला मिळते. फक्त त्यांना संगणकापुढे बसू द्या, आणि चूक झाली म्हणून उठवू नका.